हळदीची खोली : जून ते ऑक्टोबर २०२४ च्या नोंदी

२ जून २०२४

आज माल मोजून घेतला. ४६ पोती, प्रत्येकी साधारण ५० किलो. ३१ निव्वळ हळकुंडांची, ९ गड्ड्यांची (मधल्या जाड कंदांची), ६ मिसळीची. सगळी सेलम जातीची. आमच्या बायकांच्या गटातल्या १४ जणींपैकी ११ जणींची हळद यात आहे. शिवाय येसर आणि काळ्या मसाल्यासाठी घेतलेली ४० किलो लाल मिरची आणि दोन पोती धने.

दसऱ्यापर्यंत माल ठेवायचं ठरलंय. गेल्या वर्षीही असाच ठेवला होता. दिवाळीपर्यंत सात पोत्यांतून पीठ गळायला लागलं आणि दोन पोत्यांना कुबट वास सुटला. हिंगोलीच्या यार्डात ढीग ओतला तेव्हा एका खरेदीदाराने हळकुंड मोडलं, नाकाला लावलं आणि एक शब्द न बोलता तो पुढच्या ढिगाकडे गेला. आमच्या वसमतच्या हळदीला याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मोठं झालं की जबाबदारीही वाढते, आणि पावसाळ्याचे चार महिने ती जबाबदारी या खोलीची आहे. म्हणून यंदा वही घातली.

खोली: दगडी भिंती, वर पत्रे, दोन खिडक्या. उत्तरेच्या भिंतीला दरवर्षी ओल येते. पूर्वेच्या भिंतीपलीकडे थोरल्या मावशी झोपतात.

५ जून

तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक मागवला. एवढ्या स्वस्त वस्तूवर भरवसा ठेवायचा तर आधी ती तपासायला हवी. एका झाकणात मीठ घेतलं, चिखलासारखं होईल एवढंच पाणी घातलं आणि ते झाकण मीटरसोबत काचेच्या बरणीत रात्रभर बंद ठेवलं. ओल्या मिठावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. आपल्याकडचा उन्हाळा असो की पावसाळा, त्यात फारसा फरक पडत नाही. सकाळी माझ्या मीटरवर ७०. म्हणजे हा पाच कमी दाखवतो. यापुढचे सगळे आकडे पाच मिळवून लिहिलेत.

८ जून

बरणीची परीक्षा. पोत्याच्या मधोमध हात घालून पावशेर हळद काढायची, खलबत्त्यात जाडसर फोडायची, मीटरसकट बरणीत बंद करून रात्रभर ठेवायची. सकाळपर्यंत आतली हवा आणि हळद एका पातळीला येतात. मीटर हवेची आर्द्रता दाखवतो, पण त्यातून हळदीच्या पोटात बुरशीला वापरता येईल असं किती पाणी आहे ते कळतं. ६५ च्या खाली असेल तर साठवणुकीतल्या बुरशीला वाढता येत नाही. ७० च्या पुढे काही काटक बुरशी हळूहळू जाग्या होतात. अफलाटॉक्सिन हे विष तयार करणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ८० च्या आसपास जोर धरते.

हळकुंडं ५७ ते ६०. गड्डे ७१ ते ७४. मिसळीची पोती ६६ ते ६८.

गड्डे वरून खडखडीत वाळलेले. दोन्ही हातांनी मोडायला गेले तर मोडेनात. विळीवर कापले तेव्हा मध्ये मेणासारखा, गडद, दमट गाभा दिसला. हळकुंड बोटभर जाड, त्याला वाळायला दहा-पंधरा दिवस पुरतात. जेठ्या गड्ड्याच्या पोटातलं पाणी एवढ्यात बाहेर येत नाही, आणि आपण दोन्ही एकाच दिवशी ताडपत्रीवरून उचलतो. मिसळीच्या पोत्यात तर गड्डा शेजारच्या हळकुंडाला पाणी देत राहतो. मार्चमध्ये खणखण वाजणारी हळकुंडं जूनमध्ये ६८ वर कशी गेली, ते आज समजलं.

मिसळीची सहा पोती ओतून निवडली. आता हळकुंडांची ३५, गड्ड्यांची ११.

११ जून

तीन दिवस गड्डे उन्हात. कापडाखाली पसरले, कारण उघड्या उन्हात कुरकुमिन उडतं आणि रंग फिका पडतो. आज दुपारनंतर मृगाने गाठलं. आठ पोत्यांचे गड्डे ६५ च्या खाली आले होते. तीन पोती राहिली, ६९ वर. सगळ्या दमल्या होत्या. ती तीन पोती तशीच उत्तरेच्या भिंतीकडे फळ्यांवर खाली लावली. मीच म्हणाले, "राहू द्या, उघडीप मिळाली की काढू."

१८ जून

मावशी रोज सकाळी येऊन दोन्ही खिडक्या उघडतात. "हवा खेळली पाहिजे बाई, कोंडलं की कुजतंय." उन्हाळ्यात हे खरंच आहे. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की माणसाचे ओठ फुटतात, हळद तर वाळतेच. पण आज सकाळी सातला अंगणात मीटर ८८ आणि बंद खोलीत ६४. म्हणजे खिडकी उघडून आपण ओल आत बोलावतोय. दोन दिवसांचे आकडे मावशींना दाखवले. त्या जरा वेळ मीटरकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग कवा उघडायची ते तूच सांग." ठरलं: पावसाळाभर खिडक्या बंद. कडक ऊन पडलं आणि बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा बराच खाली आला तरच दुपारी दोन तास उघडायच्या.

८ जुलै

थप्पीतल्या पाच पोत्यांखाली पिवळं पीठ. बोटाने गोळा केलं तर चमचाभर. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा दोन-तीन मिलिमीटरचे तांबूस-तपकिरी किडे बल्बभोवती. एकाला काडीने शिवलं, तर पाय आवळून मेल्यासारखा पडून राहिला. मिनिटभराने उठून चालू लागला.

१० जुलै

भिंगाखाली नीट पाहिला. पाठ पोक काढल्यासारखी, डोकं खाली वळलेलं, त्यामुळे वरून दिसतच नाही. पंखांचं कवच गुळगुळीत, त्यावर रेघा नाहीत. मिशांना करवतीसारखे दाते. हा सिगारेट भुंगा. याच्यासारखाच दिसणारा ड्रगस्टोअर भुंगा असतो. त्याच्या कवचावर बारीक खळग्यांच्या ओळी असतात आणि मिशांची शेवटची तीन पेरं मोठी असतात. आपल्याकडे तो सापडला नाही. तंबाखूच्या गोदामात सापडतो म्हणून पहिल्याचं नाव सिगारेट भुंगा. पण हळद, सुंठ, मिरची, धने यांपैकी त्याला काहीच वर्ज्य नाही.

गटात पहिला प्रश्न आला तो अगदी रास्त होता: धान्याला कीड लागू नये म्हणून आपण हळद लावतो, मग हळदीलाच कीड कशी लागते? पिठातल्या भुंग्यांना हळदीचं तेल नकोसं असतं हे खरं. पण सिगारेट भुंग्याच्या अळीच्या पोटात यीस्टसारखे सूक्ष्मजीव बिऱ्हाड करून असतात. अन्नात नसलेली ब जीवनसत्त्वं ते तिला पुरवतात आणि कडू-तिखट द्रव्यंही पचवायला मदत करतात. त्यांच्या जोरावर ती तंबाखूवर जगते, तिखटावर जगते. हळदीत तर तिला भरपूर पिष्टही मिळतं. मादी अंडी घालताना हे सूक्ष्मजीव अंड्यांवर ठेवून जाते, आणि अळी बाहेर पडताना अंड्याचं कवच खाते तेव्हा ते तिच्या पोटात जातात. मला हे वाचून रात्री बराच वेळ झोप आली नाही. केवढी तयारी करून येतो हा जीव!

दुसरी गोष्ट, वाढ झालेला भुंगा जवळजवळ काही खात नाही. खाते ती अळी, हळकुंडाच्या पोटात बसून. आपल्याला बाहेरून जे गोल भोक दिसतं ते भुंगा बाहेर पडल्याचं. म्हणजे भोक दिसलं तेव्हा आतलं खाऊन झालेलं असतं.

१२ जुलै

मागे मोजत गेले. ३० अंशांच्या आसपास अंड्यापासून भुंगा व्हायला सहा-सात आठवडे लागतात. ८ जुलैतून तेवढे वजा केले की मे महिन्याचा तिसरा-चौथा आठवडा येतो. तेव्हाच ही पोती भरली. पाचही पोत्यांचा बारदाना जुना, किराणा दुकानातून स्वस्तात घेतलेला. एक पोतं उलटं करून शिवणीत सुई फिरवली तर तीन अळ्या निघाल्या. पांढऱ्या, केसाळ, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या. पोत्याला अजून धन्यांचा वास येत होता.

दोष हळदीचा नव्हता. पोत्यामागे काही रुपये वाचवायला आपणच भुंग्याला घर आणून दिलं.

१५ जुलै

चार कामगंध सापळे टांगले. कापूसवाल्या घरातल्या बायकांना ते नवे नाहीत, गुलाबी बोंडअळीसाठी सगळ्यांनी लावलेत. फक्त आतली वडी वेगळी, सिगारेट भुंग्याच्या मादीच्या गंधाची. त्यावर नरच येतात, त्यामुळे सापळ्याने कीड संपत नाही, पण ती किती आहे आणि कुठल्या कोपऱ्यात आहे ते कळतं. दरवाजाजवळचा १, खिडकीचे ४ आणि ६, थप्पीमागचा २३.

१९ जुलै

आज गोळ्यांवरून वाद झाला. एका ताईंच्या मालकांनी निरोप पाठवला, "चार गोळ्या टाका, खोली बंद करा, चार दिवसांत सगळं मरंल." अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी. गावात कुठे ना कुठे ती मिळतेच, हे सगळ्यांना माहीत आहे.

मी उठून सांगितलं, आणि आवाज चढला त्याचं मला वाईट वाटत नाही. हवेतल्या ओलीने ही गोळी फॉस्फीन सोडते. एका तीन ग्रॅमच्या गोळीतून एक ग्रॅम वायू. तो फटीतून, पत्र्याच्या सांध्यातून, दगडांच्या दरजांतून पलीकडे जातो, आणि त्या विषावर उतारा नाही. कायद्याने ही गोळी सरकारी यंत्रणा किंवा परवानाधारक धुरीवाल्यांनीच वापरायची आहे. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर २००१ पासून बंदीच आहे. पूर्वेच्या भिंतीपलीकडे मावशी झोपतात, त्यांच्याजवळ दोन नातवंडं झोपतात. त्या भिंतीत माझं बोट जाईल एवढी फट आहे, ती मी सगळ्यांना नेऊन दाखवली.

आणि माणसांचा प्रश्न नसता तरी गोळीने बुरा, म्हणजे बुरशी, मरत नाही. भुंगा आणि बुरा यांचं औषध एक नाही, हे मला या महिन्यात नीट उमगलं. हळद ६० वर आणली की बुरशी थांबते, पण सिगारेट भुंगा ६० वर सुखाने वाढतो. तो थांबवायचा तर त्याची हवा तोडावी लागते. आणि दमट माल हवाबंद केला तर ओल आतच कोंडते आणि माल नासतो. म्हणून आधी वाळवणं, मग बंद करणं. हा क्रम उलटला की दोन्हीकडून नुकसान.

गोळ्या आणायच्या नाहीत असं ठरलं. त्या ताईही शेवटी हो म्हणाल्या.

२४ जुलै

तीन पदरी हवाबंद पिशव्या आल्या, २०. आत जाड प्लॅस्टिकचे दोन पदर, बाहेर विणलेलं पोतं. भुंगे आणि अळ्या आतला प्राणवायू वापरत जातात, तो पाच टक्क्यांच्या खाली गेला की त्यांचं खाणं-वाढणं थांबतं आणि हळूहळू ते मरतात. बाधित पाच पोती आधी चाळली, पोखरलेली हळकुंडं वेगळी काढली (एकूण ३१ किलो), उरलेला माल बरणीत तपासला: ६१. मग भरला. आणखी १५ पोती चांगल्या हळकुंडांची भरली. तोंड पिळून, दुमडून, दोनदा बांधायचं. एक पिशवी फळीच्या खिळ्याला लागून फाटली, ती चिकटपट्टीने सांधली. भरायच्या आधी सगळ्या फळ्यांचे खिळे ठोकून घ्यायला हवे होते.

जुना बारदाना उकळत्या पाण्यात घालून वाळवला. तो आता फक्त शेतात वापरायचा.

२७ जुलै

मिरची. देठ काढलेल्यांतल्या दहा फोडून बघितल्या, दोन मिरच्यांच्या पोटात बियांभोवती करडी भुकटी. बाहेरून लालभडक, एकही डाग नाही. देठ तुटला की आत जायला वाट मिळते. शिवाय वाहतुकीत तुकडा पडू नये म्हणून काही ठिकाणी मिरचीवर पाणी मारून पोतं दाबतात. आमच्या पोत्यात तसं झालं होतं का, ते आता कळायला मार्ग नाही. सगळी ४० किलो एक-एक हाताळून निवडली. तीन बायका, दोन दिवस, शिंकून-शिंकून डोळे सुजले. साडेचार किलो काढून टाकली.

उरलेली मिरची आणि धने थोडे-थोडे करून वसमतच्या एका आईस्क्रीमवाल्या दादांच्या फ्रीजरमध्ये. पावसाळ्यात त्यांचा एक फ्रीजर रिकामाच असतो. उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवलं की अंड्यांसकट सगळं मरतं. एक काळजी मात्र घ्यायची: बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. माल खोलीइतका कोमट होईपर्यंत बंद ठेवायचा, नाहीतर थंड मिरचीवर हवेतलं पाणी धरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

९ ऑगस्ट, नागपंचमी

सापळ्यांत एकूण ९. खोली ६६. बाकी ठीक.

२ सप्टेंबर, पोळा

परवापासून कोसळतोय. बैल गोठ्यातच पुजले, मिरवणूक नाही. ओढ्याला पूर, रस्ता बंद, लाईट नाही. रात्री बॅटरी घेऊन खोलीत गेले. उत्तरेच्या बाजूला पत्र्याच्या एका स्क्रूजवळून धार लागली होती. खाली बादली ठेवली, वरची पोती ओढून मधे घेतली. खालची तीन एकटीने हलली नाहीत.

५ सप्टेंबर

तीन गड्ड्यांची पोती आणि त्यांना टेकलेलं एक हळकुंडांचं. ११ जूनला मीच ठेवायला सांगितलेली ती तीन. हात घातला तर पोटात उबदार लागलं. गड्ड्यांच्या भेगांमध्ये पांढरी लव, तिच्यावर पिवळट-हिरवी पूड, काही ठिकाणी काळी. बरणी लावायची गरज नव्हती, तरी लावली: ८४.

जवळजवळ तीन महिन्यांत तीन-चार वेळा ऊन पडलं होतं. एकदाही ही पोती काढली नाहीत.

८ सप्टेंबर

बैठक. चारपैकी दोन पोती थोरल्या मावशींची. त्यांना दिवाळीत नातीच्या लग्नासाठी पैसे हवे आहेत. त्या म्हणाल्या, "पॉलिशच्या ड्रममधी टाकू. वरचा बुरा निघून जाईल. कोनाला दिसतंय?"

त्यांना मी काय सांगू? चाळीस वर्षं त्यांनी हळद शिजवलीय, माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. पण ही एक गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. बुरा घासून निघतो, विष आत राहतं. अफलाटॉक्सिन शिजवून जात नाही, भाजून पुरतं जात नाही, दळून तर नाहीच. ते यकृतावर जातं, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कर्करोग होऊ शकतो. भारतात मसाल्यांसाठी एकूण मर्यादा किलोला ३० मायक्रोग्रॅम आहे. मी हिशेब करून दाखवला: ५० किलोच्या अख्ख्या पोत्यात दीड मिलिग्रॅम. मिठाचे वीस-पंचवीस दाणे तळहातावर घेतले आणि मावशींपुढे धरले. पोतंभर हळदीत एवढंच चालतं, त्याच्यावर नाही.

कुणी म्हणालं, मग जनावरांना घालू. तेही नाही, म्हशीने खाल्लं तर विषाचा अंश दुधातून परत आपल्याच घरात येतो.

मावशी खूप वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नातीच्या अंगाला लावायची हळद हाय ती. पुरून टाका."

चार पोत्यांचं नुकसान ११ जणींनी वजनाप्रमाणे वाटून घ्यायचं ठरलं. हा ठराव मी मांडला नाही, त्या गोळ्यांवाल्या ताईंनी मांडला.

९ सप्टेंबर

विहिरीपासून लांब, बांधाकडच्या पडीत खोल खड्डा घेतला. तोंडाला ओले फडके बांधून चारही पोती बारदान्यासकट टाकली, वर चुना, वर माती. उद्या महालक्ष्म्या बसतील. फळ्या धुतल्या, भिंतीला चुना मारला, पत्र्याचा स्क्रू बदलला.

२० सप्टेंबर

शेजारच्या १२ पोत्यांचा नमुना प्रयोगशाळेला पाठवला. पुरलेल्यांचा नाही, ती विकायचीच नव्हती, उगाच पैसे कशाला घालवायचे. नमुना घेणं हेच खरं काम. विष सगळीकडे सारखं नसतं. शंभर हळकुंडांत एकच जबर विषारी असू शकतं, आणि मूठभर नमुन्यात ते आलं नाही तर अहवाल खोटा दिलासा देतो. प्रत्येक पोत्यातून वरून, मधून, खालून घेतलं, सगळं मिळून सात किलो. ते एकत्र दळलं, ढीग केला, चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन टाकले, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग, अर्धा किलो उरेपर्यंत.

७ ऑक्टोबर

अहवाल: एकूण अफलाटॉक्सिन १३. आपल्या ३० च्या मर्यादेत. विकायला हरकत नाही. पण युरोपात हळदीला १० ची मर्यादा आहे, तिथून हा माल परत आला असता. १२ पोत्यांपैकी एकावरही बुरा दिसत नव्हता, वास नव्हता, हळकुंड मोडलं की खणखण वाजत होतं. तरीही १३.

हवाबंद पिशव्यांत भरलेल्या बाधित पाच पोत्यांतलं एक उघडून बघितलं. आत मेलेले भुंगे, नवं पीठ नाही. बरणी ६१, जुलैत होती तीच.

१६ ऑक्टोबर

हिंगोलीला २४ पोती नेली. त्या १२ पोत्यांसोबत अहवालाची प्रत ठेवली. खरेदीदाराने ती दोनदा वाचली, घडी करून खिशात घातली आणि बोली लावली. भाव बाकीच्या ढिगांइतकाच मिळाला, जास्त नाही. पोखरलेली ३१ किलो अजून खोलीतच आहे. त्यातली अळी मरावी म्हणून ती पिशवीत बंद आहे, पण ती दळून विकायची नाही यावर सगळ्या ठाम आहेत. भुंग्याचे तुकडे पिठात दिसत नाहीत म्हणून ते नसतात असं नाही.

२३ ऑक्टोबर

शेतातली नवी हळद छातीला लागलीय. जानेवारीच्या आत करायची कामं: नवा बारदाना, गड्ड्यांसाठी वेगळी ताडपत्री आणि आठ दिवस जास्त ऊन, उत्तरेच्या भिंतीपासून थप्पी हातभर लांब, आणखी २० पिशव्या, पूर्वेच्या भिंतीतली फट सिमेंटने बुजवायची.

सापळ्यांत २.

संध्याकाळी मावशी घरची मिरची ओच्यात घेऊन आल्या. "हिचा आकडा काढ की." बरणीत लावलीय.

२४ ऑक्टोबर

मावशींची मिरची ७१. ऊन चांगलं आहे. पत्र्यावर पसरली.